घरात कोणी नाही

माझे माहेर सातारा आणि नोकरी सांगली जिल्ह्यात. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षिका आहे. घरात आम्ही दखनी बोलतो, शाळेत मी उर्दूतून शिकवते आणि मनातले लिहायचे झाले की मराठीत लिहिते. ही ओळख एवढ्यासाठी दिली, की पुढचे वाचून 'ही बाई बाहेरची दिसते' असे कोणी म्हणू नये. मी आतली आहे. पाच वेळची नमाज पढते, रोजे ठेवते. माझे भांडण आतल्या माणसाचे आहे.

साताऱ्यातील आमच्या गल्लीत असरच्या नमाजनंतर जमातीची गश्त यायची. पाच-सहा माणसे, नजर खाली, चाल संथ. दारावर थाप पडायची. 'अस्सलामु अलैकुम. भाईसाब हैं क्या?' अम्मी पडद्याआडून उत्तर द्यायची, 'घर में कोई नै.' माणसे सलाम करून पुढच्या दाराकडे जायची. त्या वेळी घरात अम्मी असायची, दादी असायची, आम्ही तिघी बहिणी असायचो. पाच जणी असून घरात कोणी नसायचे.

गेल्या वर्षी माझ्या स्वतःच्या दारावर थाप पडली आणि तेच वाक्य माझ्या तोंडून निघाले. बी.एड. झालेली, चाळीस मुलांच्या वर्गापुढे दिवसभर बोलणारी, शाळेच्या पटावर सही करणारी मी म्हणाले, 'घर में कोई नै.' माणसे गेली. मी हातातले पीठ झटकत बराच वेळ दाराशी उभी राहिले. आपण आत्ता काय बोललो, हे मला तेव्हा ऐकू आले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ती माणसे वाईट नव्हती. स्वतःच्या पैशाने, स्वतःचा बिछाना उचलून, चाळीस-चाळीस दिवस गावोगाव फिरणाऱ्या माणसांच्या तळमळीवर मी शंका घेणार नाही. बायकांसाठीही आठवड्याची तालीम असते, मस्तुरातच्या जमाती निघतात, हेही मला माहीत आहे. पण ईमानाचे आमंत्रण घेऊन आलेला माणूस 'घरात कोणी नाही' हे एका जिवंत माणसाच्या तोंडून ऐकतो आणि त्याला त्यात काहीच चुकल्यासारखे वाटत नाही. सांगणारीलाही वाटत नाही. हे आपण सगळे मिळून शिकलो आहोत. कुठे शिकलो, हा माझा प्रश्न आहे.

कारण दीन तर आपल्याला उलटेच शिकवतो. अल्लाह अलीम आहे, खबीर आहे. सूरह काफमध्ये तो माणसाच्या शहारगेपेक्षाही जवळ असल्याचे सांगितले आहे. गळ्यातली शीर आपल्या इतकी जवळ असते, की ती आपल्याला दिसतही नाही. त्याहून जवळ असलेल्याला कोणत्या पडद्याआडून सांगणार, की घरात कोणी नाही?

पण अल्लाह सर्व जाणतो, या गोष्टीचे आपण काय करून ठेवले आहे ते बघा. आपण तिची छडी केली. मूल खोटे बोलले, 'अल्लाह देखरा है.' मुलीची ओढणी सरकली, 'अल्लाह देखरा है.' चौकाचौकांत हल्ली कॅमेरे बसवले आहेत. आपण अल्लाहलाही असाच एका खांबावर बसवला आहे, गुन्हा झाला की टिपायला. मीही हेच केले. परीक्षेच्या वेळी पाठ वळवण्याआधी मी मुलांना हेच वाक्य ऐकवत आले.

तीन वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात चाचणी होती. मी सवयीने ते वाक्य म्हटले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. 'आपा, अल्लाह सब देखता ना? तो मैं रातकू रोता वो बी देखता क्या?' वर्ग हसला. मी 'हौ, देखता. बैठ' एवढेच म्हणाले. त्याची आई दिवाळीच्या सुट्टीत वारली होती. त्या दिवशी घरी येऊन मी नोंदवही उघडली. त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिले होते, 'वर्गात लक्ष कमी. प्रगती आवश्यक.'

शिक्षकांना या नोंदी माहीत आहेत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आमच्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची. हेतू चांगला होता. बी.एड.ला आम्हाला हेच शिकवले होते, की मूल ओळखल्याशिवाय मूल शिकवता येत नाही. प्रत्यक्षात चाळीस मुलांच्या नोंदी एका रविवारी बसून लिहिल्या जातात. 'सर्वंकष' हा शब्द फक्त अल्लाहलाच शोभतो, असे त्या रात्री मला वाटले.

आपल्याला ओळखणारे तसे पुष्कळ आहेत. सरकार बारा आकड्यांनी ओळखते. बिरादरी आडनावाने ओळखते. बागवान, अत्तार, मुजावर, मुलाणी, शिकलगार, नदाफ, तांबोळी. आडनाव सांगितले की पुढचे सगळे तिला कळते, सोयरीक कुठे होईल तेही. शेजारी दाढी-टोपीने ओळखतात. आपल्यातले काही जण पायजम्याच्या उंचीवरून ईमान मोजतात. कडेगावच्या गगनचुंबी ताबुतांना कोणी बिदअत म्हणतो, मिरासाहेबांच्या दर्ग्यातील गाण्याला कोणी हराम म्हणतो, कोणी दर्ग्यात जाणाऱ्यालाच दीनाबाहेर काढतो. मशिदीत गैरहजर राहिलेल्याची चर्चा होते, पण तो का आला नाही हे विचारायला कोणी जात नाही. इतके सगळे ओळखणारे आणि त्या मुलाचे रात्रीचे रडणे कोणाच्याच नोंदीत नाही.

बुखारी शरीफची पहिलीच हदीस नियतीविषयी आहे. कर्माचा हिशोब नियतीवर होतो. आता नियत कोणाला दिसते? माझी तुम्हाला दिसत नाही, तुमची मला नाही. ती जाणणारा एकच आहे. मग दुसऱ्याच्या ईमानाला दाखले देण्याचे हे खाते आपण कोणाच्या परवानगीने उघडले?

मिरजेतील एक प्रसंग सांगते. एक विद्यार्थी आठवडाभर शाळेत आला नव्हता म्हणून त्याच्या घरी गेले. घर तंतुवाद्ये बनवणाऱ्यांचे. मिरजेची सतार आणि तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते वाचकांनी वाचले असेल. हे काम करणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. त्यांच्या पुढच्या पिढ्या तारा जुळवू लागल्या. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये वारले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांच्यासारखे गाणारे आणि हे घडवणारे यांनी मिळून गावाला नाव दिले.

मुलाचे आजोबा पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे निवडत बसले होते. एकेक उचलायचे, बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा. एका भोपळ्याला बारीक तडा होता. मी म्हटले, 'चाचा, हा तर फेकावा लागणार.' ते म्हणाले, 'कायकू? मेरेकू मालूम है ना तडा कहाँ है. जिसकू मालूम नै वो फेंकता.' मग त्यांनी सांगितले, की कुठे लाख भरायची, कुठे आतून पट्टी द्यायची, ते तडा नीट कळला की कळते. शेवटी घोडीवर जवारी लावताना कानसीचे एक-दोन हात इकडचे तिकडे झाले तरी स्वर बंद होतो. वाद्य आतून माहीत असल्याशिवाय ते बोलत नाही.

सूरह मुल्कमध्ये विचारले आहे, की निर्माण करणाऱ्यालाच कळणार नाही का. ती आयत मी लहानपणापासून पढत होते, धाकाने. त्या दिवशी ती मला दिलासा वाटली. माझा तडा कुठे आहे हे त्याला माहीत आहे. माझा हेवा, माझा कंटाळा, फज्रला अंथरुणात केलेली चालढकल, नमाजमध्ये रेंगाळणारा पगाराचा हिशोब, हे सगळे माहीत असून तो दिवसातून पाच वेळा बोलावतो. पूर्ण ओळखून केलेले आमंत्रण यालाच म्हणतात. आपण माणसे एकमेकांना अर्धवट ओळखून बोलावतो आणि पूर्ण ओळखल्यावर टाळतो.

आता आमंत्रणाकडे येते. दावत म्हटले की आपल्याला आधी बिर्याणी आठवते. हरकत नाही, जेवणाचाच दाखला घेऊ. सातारा-सांगलीकडे गावजेवणाचे आमंत्रण दोन तऱ्हेचे असते. एक घरटी माणसाचे. दुसरे चूलबंद. चूलबंद म्हणजे घरातले झाडून सगळे, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत, त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. अजान हे चूलबंद आमंत्रण आहे. नमाजकडे या, कल्याणाकडे या, असे ती प्रत्येकी दोनदा पुकारते. त्यात 'भाईसाब' हा शब्द कुठेही नाही. त्या आमंत्रणाला घरटी माणसाचे आमंत्रण आपण केले. चूल सांभाळणारी चुलीपाशीच राहिली.

काही वर्षांपूर्वी अम्मीला घेऊन साताऱ्याहून मिरजेला येत होते. वाटेत एसटी बंद पडली. असरची वेळ निघून चालली होती. स्टँडजवळ मशीद होती. अम्मी म्हणाली, वजू करून कोपऱ्यात पढून घेऊ. दारातल्या माणसाने अदबीने सांगितले, 'औरतों का इंतजाम नै यहाँ.' मी वाद घालायला तोंड उघडले तर अम्मीने माझा हात दाबला. आम्ही स्टँडच्या नळावर वजू केला. चौकशीच्या खिडकीमागच्या मोकळ्या जागेत चादर टाकली. उसाचा रस विकणाऱ्या माणसाने आपला गाडा थोडा सरकवून आडोसा केला. त्याने आमचे नाव विचारले नाही, गावही विचारले नाही. अम्मीने सलाम फेरला आणि म्हणाली, 'अल्लाहकू मालूम है हम आए थे.'

अम्मीचे समाधान झाले. माझे झाले नाही. अल्लाहला माहीत आहे, हे खरे. पण त्याला माहीत आहे म्हणून दार बंद करणाऱ्याची सुटका होत नाही. उलट तो जास्त अडकतो, कारण दार कोणी बंद केले हेही त्याला माहीत आहे.

यावर ठरलेली उत्तरे येतात. पहिले उत्तर, बायकांवर जमातीची नमाज फर्ज नाही. कबूल. फर्ज नाही याचा अर्थ मनाई आहे असा कोणत्या मदरशात शिकवतात? हजला गेलेली प्रत्येक हाजन काबाशरीफसमोर, त्याच मशिदीत नमाज पढून येते. गावी परतली की तिच्याच गल्लीतील मशिदीची पायरी तिला बंद. रसूलुल्लाहच्या काळात मदीनेच्या मशिदीत बायका फज्र आणि इशाच्या अंधारातही येत. अल्लाहच्या बांदींना अल्लाहच्या मशिदींपासून रोखू नका, या अर्थाची हदीस आहे. पुण्याच्या एका दांपत्याने २०१९ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितले, की बायकांना मशिदीत येऊन नमाज पढण्यास इस्लामची मनाई नाही. दिल्लीत कोर्टापुढे जे मान्य आहे ते आमच्या तालुक्याच्या गावी अमान्य का?

दुसरे उत्तर, फित्ना होईल. म्हणजे बाजारात, एसटीत, दवाखान्यात, शाळेत, शेतात बायका चालतात. कांदा काढायला, ऊस तोडायला चालतात. फित्ना फक्त अल्लाहच्या घरातच होतो! ज्या घरात माणसाची नजर सर्वात स्वच्छ असायला हवी, तिथेच आपल्या नजरेवर आपला भरवसा नसेल, तर कोंडायचे कोणाला?

तिसरे उत्तर सर्वात अवघड. वडीलधारे म्हणतात, 'बेटी, ये वक्त नै है.' बाहेर वातावरण कसे आहे ते बघ. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, पुसेसावळीत, सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील मजकुराचे निमित्त करून जमावाने मशिदीवर हल्ला केला. एका तरुणाचा जीव गेला. मिरजेने २००९ ची दंगल पाहिली आहे. अशा वेळी घरातली उणीदुणी बाहेर काढायची?

हा प्रश्न मला झोपू देत नाही, म्हणून त्याला टाळून पुढे जात नाही. पुसेसावळीनंतर आठवडाभर मी शाळेत जाताना ओढणी कशी घ्यावी याचा विचार करत होते. जमावाने त्या तरुणाला ओळखले नव्हते. त्याचा स्वभाव, त्याचे घर, त्याची स्वप्ने यांतले काही जमावाला ठाऊक नव्हते. त्याचा धर्म तेवढा कळला आणि तेवढे पुरे झाले. माणसाला न ओळखता त्याच्यावर शिक्का मारणे किती भयंकर असते, हे आपल्याइतके आज कोणाला ठाऊक आहे? आणि तरी आपण आपल्याच माणसांवर शिक्के मारत बसतो. हा दर्गेवाला, हा वहाबी, ही बिघडलेली, हा नावाचा मुसलमान. बाहेरच्यांकडे आपण न्याय मागतो, तो मागितलाच पाहिजे. पण तोच न्याय घरात देणार नसू, तर आपल्या मागणीतला जोर कुठून येणार? आणि 'वक्त नै है' हे मी जन्मापासून ऐकते आहे. अम्मीनेही ऐकले होते. दादीनेही.

चौथे उत्तर म्हणजे शिवी असते. 'दलवाईवाली.' हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्या सात जणींच्या धैर्याला माझा सलाम. पण दलवाईंची वाट माझी नाही. त्यांनी धर्माला बाजूला ठेवून प्रश्न मांडला, मी धर्मात उभी राहून मांडते. मला अल्लाहकडे जायचे आहे आणि वाटेत माणसे उभी आहेत, एवढीच माझी तक्रार आहे. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण. तेही खटाव तालुक्यातलेच. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, असे त्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून सांगितले. ते ऐकून आपण मान डोलावतो आणि म्हणतो, इस्लाममध्ये पुजारी नाहीच मुळी! बरोबर आहे, पुजारी नाही. मग दारात कोण उभा आहे?

माझ्या बाजूने मी दोनच साक्षी काढते, दोन्ही कुरआनातल्या. पहिली सूरह अबसची. रसूलुल्लाह कुरैशच्या सरदारांना दीनाची दावत देत होते. तेवढ्यात एक अंध माणूस, इब्न उम्मे मक्तूम, स्वतःहून काही विचारायला आला. त्याच्याकडे क्षणभर दुर्लक्ष झाले. त्यावर आयती उतरल्या आणि जो स्वतःहून आला त्याच्याकडे पाठ फिरवल्याबद्दल खुद्द रसूलना टोकले गेले. हाच अंध माणूस पुढे मदीनेत अजान देऊ लागला. मोठ्यांच्या बैठकीत ज्याच्याकडे लक्ष गेले नाही, त्याच्याच आवाजात पुढे सगळ्यांना बोलावणे झाले.

दुसरी साक्ष सूरह मुजादिलाची. मुजादिला म्हणजे वाद घालणारी बाई. खौला बिन्ते सालबा. नवऱ्याने रागाच्या भरात तिला 'तू मला आईसारखी' असे म्हणून अधांतरी टाकले. जुनी रीत तशी होती. ती रसूलकडे गेली, तिने गाऱ्हाणे मांडले, पुन्हा पुन्हा मांडले. त्या सूरहची सुरुवातच अशी आहे, की अल्लाहने तिचे ऐकले. रीत बदलली. एका बाईच्या हुज्जतीवरून सूरहला नाव पडले आणि कयामतपर्यंत ते पढले जाणार. तिने 'घरात कोणी नाही' असे म्हटले नाही. गप्प बसून 'अल्लाहकू मालूम है' असेही म्हटले नाही. त्याला माहीत आहे, याच भरवशावर ती बोलायला उठली.

अल्लाह आपल्याला पूर्ण जाणतो या ईमानाचा अर्थ मला असा लागतो. ज्याला आपण पूर्ण माहीत आहोत, त्याच्यापुढे नाटक करण्याची गरज उरत नाही आणि इतरांपुढे पुरावे देण्याची सक्ती उरत नाही. त्याने बोलावले की प्रत्येकाने स्वतः 'ओ' द्यायची. माझी 'ओ' माझा नवरा देऊ शकत नाही, अब्बा देऊ शकले नाहीत, ट्रस्टची कमिटीही देऊ शकणार नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. सातारा-सांगलीच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी, निदान स्टँड आणि बाजाराजवळच्या एका मशिदीत, बायकांसाठी एक खोली, एक वजूचा नळ आणि एक दार असावे. मिनारांना रंग देण्याच्या खर्चात हे होते. जुम्याच्या बयानातील चार वाक्ये मराठीत सांगावीत, म्हणजे मराठी शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना ती समजतील. मुलांना 'अल्लाह देखरा है' हे सांगायचेच असेल, तर ते शिक्षा करताना सांगू नये, ती रडत असताना सांगावे. हा शेवटचा धडा मी स्वतःपासून सुरू केला आहे. त्या मुलाच्या नोंदीतील 'लक्ष कमी' मी खोडले आणि खाली लिहिले, 'आईची आठवण येते. प्रश्न चांगले विचारतो.' पर्यवेक्षकांनी विचारले, ही कसली नोंद? मी म्हटले, सर्वंकष.

आणि जमातवाल्या भावांना एक विनंती. तुमची गश्त चालू ठेवा. आमच्या गल्लीत अवश्य या, थाप द्या. भाईसाब दुकानात असतात, ते मगरिबनंतर येतात. पण पुढच्या वेळी पडद्याआडून तुम्हाला वेगळे उत्तर मिळेल. मी घरात आहे असे सांगणार आहे. अल्लाहचे बोलावणे आणले असेल तर ते माझ्यासाठीही आहे. उभ्या उभ्या सांगून जा, मी ऐकते आहे. मग मलाही दोन गोष्टी विचारायच्या आहेत.